रक्तातील साक्षीदार

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी तपासण्यांच्या अहवालांची एक फाईल असतेच. कोलेस्टेरॉल, रक्तातील साखर, क्रिॲटिनिन या परिचित नावांच्या रांगेत कधी कधी ‘सी.आर.पी.’ अशी तीन अक्षरे आढळतात आणि त्यांच्यापुढे एक आकडा असतो. घरातल्या माणसांना त्या आकड्याचा नेमका अर्थ उमगत नाही. तो वाढला की काळजी वाटते, उतरला की हायसे वाटते, एवढेच. या तीन अक्षरांमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो हृदयापासून सुरू होत नाही, फुप्फुसापासून होतो. आणि त्यात एक प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो. संकटाच्या जागी दर वेळी हजर असणारा माणूस त्या संकटाचा कर्ता असतो की केवळ साक्षीदार?

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेली माणसे डॉक्टर बाहेर येताच एकच प्रश्न विचारतात, “धोका टळला ना?” हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात, सारखेच उपचार घेऊन घरी गेलेल्या दोघांपैकी एक पुढे वीस वर्षे नातवंडांत रमतो आणि दुसरा वर्षभरात दुसऱ्या झटक्याने जातो. दोघांना वेगळे ओळखायचे कसे? हृदयाचा आलेख काही सांगतो, क्ष-किरणांत दिसणारी रक्तवाहिन्यांची चित्रे आणखी काही सांगतात. परंतु रक्तही काही सांगत असते, ही जाणीव वैद्यकात फार जुनी आहे.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे थोर शल्यविशारद होऊन गेले. रक्त आणि दाह हा त्यांच्या चिंतनाचा आयुष्यभराचा विषय होता. आजारी माणसाची शीर उघडून रक्त काढण्याची चाल त्या काळी सर्रास होती. ते रक्त भांड्यात तसेच राहू दिले, तर दाह असलेल्या रुग्णाच्या रक्तातील तांबडा भाग लवकर तळाशी बसतो आणि वर पिवळसर साय धरते, हे त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होते. हंटर यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. १७७३ पासून त्यांना स्वतःलाच छातीत कळा येऊ लागल्या. संताप झाला की कळ हमखास येई. त्यांचे शिष्य एडवर्ड जेन्नर, ज्यांनी पुढे देवीची लस दिली, यांनी अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या पाहिल्या होत्या. गुरूंचे दुखणे काय आहे हे त्यांनी ताडले. परंतु ऐकून गुरूंच्या मनाला धक्का बसेल म्हणून त्यांच्यापाशी त्यांनी तो विषय काढला नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या एका बैठकीत वादावादी झाली, हंटर रागाने शेजारच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळले. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हाडासारख्या टणक झालेल्या आढळल्या. रक्त आणि दाह यांवरचा त्यांचा ग्रंथ दुसऱ्या वर्षी, १७९४ साली, प्रसिद्ध झाला. दाहाचा जाणकार हृदयविकाराने गेला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, हे मात्र त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

‘दाह’ या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट केला पाहिजे. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने नोंदवून ठेवली आहेत. शरीराची ती संरक्षणाची धावपळ असते. पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंशी झुंजतात, मेलेला भाग साफ करतात आणि नव्या बांधणीला वाट करून देतात. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताच्या गुठळीने रक्तवाहिनी बंद होते आणि तिच्यावर पोसलेला हृदयाचा स्नायू मरतो. तेथेही हीच धावपळ सुरू होते, फरक इतकाच की ती डोळ्यांना दिसत नाही.

डोळ्यांना न दिसणारी ही धावपळ मोजण्याचे पहिले साधन अगदी साधे होते. १८९७ साली वॉर्सा येथील डॉक्टर एडमंड बिएर्नात्स्की यांनी रक्ताच्या तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगाचा रोगाशी संबंध जोडला. पुढे १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांनी तोच मार्ग पुन्हा शोधला, तोही स्त्रीला दिवस गेले आहेत की नाहीत याची चाचणी शोधता शोधता! १९२१ साली वेस्टरग्रेन यांनी क्षयरोग्यांसाठी तिची पद्धत घालून दिली. आपल्याकडे ‘ई.एस.आर.’ या नावाने पिढ्यान् पिढ्या परिचित असलेली तपासणी ती हीच. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये हृदयाची रक्तवाहिनी एकाएकी बंद पडूनही माणूस जगू शकतो असे दाखवून दिल्यावर, अशा वाचलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्याची पद्धत पडली. त्याला उठू केव्हा द्यायचे हे ठरवताना अनेक डॉक्टर ताप, पांढऱ्या पेशींची संख्या आणि ई.एस.आर. यांकडे पाहत. आकडे उतरले म्हणजे जखम भरत आली, असा तो हिशेब होता. साधन ढोबळ होते. सर्दीपासून संधिवातापर्यंत कशानेही ई.एस.आर. वाढतो, पंडुरोगानेही वाढतो.

खरे वळण आले ते न्यूयॉर्कमध्ये, रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात. साल १९३०. त्या काळी पेनिसिलिन औषध म्हणून वापरात आलेले नव्हते आणि न्यूमोनिया हा धडधाकट तरुणांनाही आठवड्याभरात नेणारा रोग होता. सातव्या-आठव्या दिवशी ताप एकाएकी उतरे आणि रुग्ण घामाने न्हाऊन निघे, नाहीतर तो हाती लागत नसे. ऑस्वाल्ड एव्हरी हे अबोल, अविवाहित गृहस्थ तेथे न्यूमोनियाच्या जंतूंचा अभ्यास करीत. सहकारी त्यांना लाडाने ‘फेस’ म्हणत. ‘प्रोफेसर’ या शब्दाचे ते घरगुती रूप होते. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन तरुण डॉक्टर त्यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. जंतूंच्या शरीरातून काढलेल्या निरनिराळ्या घटकांपैकी एकाला त्यांनी ‘सी’ हे नाव दिले होते. रुग्णाचे रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी वर उरते, ज्याला सीरम म्हणतात, त्यात हा ‘सी’ घटक मिसळला की द्रव गढूळ होई आणि तळाशी साका बसे.

यात विस्मयकारक ते काय होते? जंतूंविरुद्ध शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती रोग बरा होण्याच्या सुमारास वाढतात आणि पुढे टिकून राहतात. म्हणजे रुग्ण बरा होऊ लागला की साका अधिक बसायला हवा होता. घडत होते ते नेमके उलट. आजार ऐन भरात असताना साका भरपूर बसे आणि ताप उतरताच तो नाहीसा होई. हे प्रतिद्रव्य नव्हते. रोगाबरोबर येणारे आणि रोगाबरोबरच निघून जाणारे असे काहीतरी रक्तात होते. पुढे उमगले की न्यूमोनियाच नव्हे, तर इतर अनेक जंतुजन्य आजारांत आणि संधिज्वरातही तेच घडते. १९४१ मध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते एक प्रथिन असल्याचे दाखवले. ‘सी’शी प्रतिक्रिया करणारे प्रथिन म्हणून त्याचे नाव पडले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच आपले सी.आर.पी. निरोगी माणसाच्या रक्तात ते नसतेच, अशी त्या वेळची समजूत होती. ते थोडेसे सर्वांच्याच रक्तात असते, हे दिसायला पुढे अधिक सूक्ष्म तपासण्या याव्या लागल्या. १९४७ साली मॅक्लिन मॅकार्टी यांनी या प्रथिनाचे स्फटिक मिळवले. त्याच मॅकार्टींनी तीन वर्षांपूर्वी, १९४४ मध्ये, एव्हरी आणि मॅक्लाउड यांच्यासह आनुवंशिकता ज्या द्रव्यातून उतरते ते डी.एन.ए. असल्याचे दाखवून दिले होते. एका जंतूच्या पाठीमागे लागलेल्या एका प्रयोगशाळेतून एवढे दोन शोध निघावेत, हे नवलच म्हणायचे. थॉमस फ्रान्सिस यांच्या नावाचीही येथेच ओळख करून देतो. पोलिओच्या साल्क लसीची १९५४ मधील प्रचंड चाचणी त्यांच्याच देखरेखीखाली झाली.

मात्र माझ्या मते या कथेतील सर्वांत विलक्षण योगायोग टिलेट यांचा आहे. न्यूयॉर्क सोडून ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९३३ साली त्यांना व त्यांचे सहकारी गार्नर यांना असे आढळले की, स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या द्रवात माणसाच्या रक्ताची गोठलेली गुठळी विरघळते. त्या द्रव्याला पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे नाव मिळाले. इटलीमध्ये ११,८०६ रुग्णांवर झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटका आलेल्यांना हे औषध शिरेतून दिल्याने पहिल्या तीन आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १३ वरून शेकडा १०.७ वर आले. आपल्याकडेही अनेक रुग्णालयांत कित्येक वर्षे हृदयाची गुठळी विरघळवण्यासाठी याच औषधाचा आधार होता, कारण त्याच्या तोडीची नवी औषधे फार महाग होती. एकाच माणसाने तीन वर्षांच्या अंतराने एक खूण शोधली आणि एक औषध शोधले. शोधताना हृदयविकार त्याच्या मनातही नव्हता. आणि दोन्ही गोष्टी अखेर हृदयविकाराच्या रुग्णाच्या खाटेपाशी येऊन थांबल्या.

खूण हृदयापाशी पोहोचली ती आधी. १९४० च्या दशकातच जंतूंचा काही संबंध नसलेल्या आजारांतही ही प्रतिक्रिया दिसते असे आढळू लागले होते. १९५४ मध्ये क्रूप आणि शॅकमन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर सी.आर.पी. वाढते असा निबंध प्रसिद्ध केला. दुर्दैवाने त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कार्मेन, रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी मेलेल्या स्नायूतून रक्तात उतरणारे एक एन्झाइम मोजून झटका ओळखण्याची रीत दाखवली. झटका आला की नाही, हा डॉक्टरांपुढचा तातडीचा प्रश्न होता. त्याला एन्झाइमे अधिक नेमके उत्तर देत. कशानेही वाढणाऱ्या सी.आर.पी.ची मग कोण पर्वा करणार? संधिज्वराच्या मुलांची प्रगती पाहण्यापुरते ते उरले.

त्याला पुन्हा हृदयाकडे आणण्यात लंडनचे मार्क पेपिस आणि त्यांचे सहकारी यांचा वाटा मोठा आहे. १९८२ साली त्यांनी झटक्यानंतरच्या रुग्णांचे सी.आर.पी. रोजच्या रोज मोजले. स्नायू जेवढा अधिक मेला, तेवढे सी.आर.पी. अधिक चढत होते. हे प्रथिन यकृतात तयार होते. दाहाची हाक गेली की काही तासांत त्याचे उत्पादन वाढते आणि सुमारे दोन दिवसांत ते शिखर गाठते. रक्तात ते टिकते मात्र थोडे. साधारण एकोणीस तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून आकडा उतरत नसेल, तर कोठेतरी आग अजून धुमसते आहे असे समजावे. १९९६ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी गुठळी विरघळवणारे औषध मिळालेल्या रुग्णांचा चोवीस महिने मागोवा घेतला, ज्यांचे सी.आर.पी. अधिक चढले होते त्यांच्यात मृत्यू अधिक होते. टिलेट यांच्या दोन शोधांनी जन्माला घातलेले दोन मार्ग असे एका अभ्यासात एकमेकांना येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी जपानमधून वृत्त आले की, ज्यांचे सी.आर.पी. फार उंच जाते त्यांच्यात मेलेला स्नायू ताणला जाऊन हृदय फाटण्याचा धोका अधिक असतो.

येथवर गोष्ट सरळ होती. जखम मोठी, म्हणून दाह मोठा, म्हणून धोका मोठा. रोममधून १९९४ साली आलेल्या एका लहानशा अभ्यासाने मात्र निराळाच प्रश्न उभा केला. येशूच्या पवित्र हृदयाच्या नावाने चालणाऱ्या तेथील कॅथॉलिक विद्यापीठात अत्तिलिओ मासेरी हे हृदयरोगतज्ज्ञ होते. १९८१ मध्ये गोळीबारानंतर पोप दुसरे जॉन पॉल यांना ज्या जेमेली रुग्णालयात नेले होते, ते याच विद्यापीठाचे. हृदयविकाराच्या संशोधनाला पवित्र हृदयाचे छत्र लाभावे, हा योग आपल्या वाचकांच्या नजरेतून सुटू नये. मासेरी, लिउत्सो आणि पेपिस यांनी मिळून अवघ्या ३१ रुग्णांचे रक्त तपासले. या रुग्णांना विश्रांती घेत असतानाही छातीत तीव्र कळा येत होत्या; परंतु रक्ततपासणीत हृदयाचा स्नायू मेल्याची खूण नव्हती. तरीही त्यांपैकी २० जणांचे सी.आर.पी. दर लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा अधिक होते. या वीस जणांतील पाच जणांना पुढे झटका आला आणि दोघे दगावले. उरलेल्या अकरा जणांत एकही मृत्यू नाही, एकही झटका नाही. अभ्यास अगदीच लहान होता, आकड्यांवर फार भार टाकता येत नव्हता. पण स्नायू शाबूत असताना हा दाह आला कोठून? तो जखमेचा परिणाम नव्हता. जखमेच्या आधीच तो हजर होता.

वास्तविक याचे उत्तर १८५६ सालीच बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांनी सुचवून ठेवले होते. धमन्यांच्या भिंतीत साचणारा थर म्हणजे नळात बसणारा निर्जीव क्षार नव्हे, तर तो जिवंत दाहाचा परिणाम आहे, असे त्यांचे मत होते. परंतु १९१३ मध्ये रशियाच्या अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या आणि विसाव्या शतकाचे सारे लक्ष कोलेस्टेरॉलने खेचून घेतले. त्यात चूक काही नव्हते. कोलेस्टेरॉल दोषी आहेच. परंतु ते भिंतीत शिरल्यावर पांढऱ्या पेशी त्याच्यामागे शिरतात, त्यांची झटापट वर्षानुवर्षे चालते, थरावरचे आवरण तिच्यामुळे विरते आणि एके दिवशी ते फुटून तेथे गुठळी जमते, हे चित्र १९८० आणि १९९० च्या दशकांत सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू स्पष्ट झाले.

मग आकड्यांचा पूर आला. बॉस्टनचे पॉल रिडकर यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्या एका मोठ्या पाहणीतील जतन केलेले रक्त बाहेर काढले. देताना ते रक्त निरोगी माणसांचे होते. ज्यांचे सी.आर.पी. सर्वांत वरच्या चौथ्या भागात होते, त्यांना पुढील वर्षांत झटका येण्याचा धोका सर्वांत खालच्या भागातील लोकांच्या सुमारे तिप्पट निघाला. २००० साली स्वीडनमधून आलेला अभ्यास तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. हृदयविकाराच्या तीव्र अवस्थेत दाखल झालेल्या ९१७ रुग्णांचा तेथे सरासरी सदतीस महिने मागोवा घेतला गेला. सी.आर.पी. २ मिलिग्रॅमच्या खाली असलेल्यांत हृदयविकाराने गेले शेकडा ५.७. दोन ते दहाच्या दरम्यान असलेल्यांत शेकडा ७.८. दहाच्या वर असलेल्यांत शेकडा १६.५. स्नायू किती मेला हे सांगणारी ट्रोपोनिन नावाची खूण निराळी मोजली होती. तिने सांगितलेल्या धोक्याहून वेगळा असा हा धोका होता. विलायतेत स्थायिक झालेल्या भारतीयांच्या रक्तात तेथील गोऱ्या लोकांपेक्षा सी.आर.पी. अधिक असते आणि त्याचा बराचसा संबंध पोटावरच्या चरबीशी आहे, असे २००१ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवले. आपल्या सुटलेल्या पोटांकडे कौतुकाने पाहण्याची आपली सवय लक्षात घेता ही बातमी मनावर घेण्याजोगी आहे.

एवढा पुरावा जमल्यावर साक्षीदारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाणार, हे उघड होते. सी.आर.पी. केवळ खूण नसून तेच धमन्या बिघडवते, असा प्रवाद सुरू झाला. १९९९ मध्ये पेपिस यांच्याच प्रयोगात, उंदरांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून त्यांना माणसाचे सी.आर.पी. टोचले असता मेलेल्या स्नायूचा भाग वाढला. म्हणजे निदान झटक्यानंतरच्या जखमेत तरी हा साक्षीदार अगदीच निरपराध नसावा. परंतु मुळात झटका तोच आणतो काय? याचा निवाडा निसर्गानेच केलेल्या एका प्रयोगातून झाला. काही माणसांना आईबापांकडून असे जनुक मिळते की, त्यांचे सी.आर.पी. जन्मभर इतरांपेक्षा थोडे अधिकच राहते. सी.आर.पी. हे कारण असेल, तर या माणसांना हृदयविकार अधिक व्हायला हवा. २०११ साली सुमारे एक लाख चौऱ्याण्णव हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिले, तेव्हा तो अधिक होत नाही असे दिसले. दुसऱ्याच वर्षी असेही दिसले की, दाहाची हाक यकृतापर्यंत पोहोचवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या द्रव्याच्या मार्गात ज्यांच्या जनुकांमुळे उपजतच अडथळा असतो, त्यांना हृदयविकार कमी होतो. आग वरच्या मजल्यावर होती, सी.आर.पी. हा खिडकीतून बाहेर येणारा धूर होता.

धूर दिसतो म्हणून धूर पुसायला कोणी जात नाही. आग विझवून पाहायची, तर ती इतर काहीही न बदलता विझवली पाहिजे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १७,८०२ लोकांच्या ‘ज्युपिटर’ चाचणीत, कोलेस्टेरॉल फारसे नसलेल्या पण सी.आर.पी. वाढलेल्या माणसांना स्टॅटिन गटातले औषध दिल्याने झटके, पक्षाघात आणि तत्सम घटना शेकडा ४४ ने कमी झाल्या. परंतु ते औषध कोलेस्टेरॉल आणि दाह दोन्ही उतरवते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे कळेना. रिडकर यांनी मग दुसरी वाट धरली. झटका येऊन गेलेल्या, आणि तरीही सी.आर.पी. २ किंवा अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांना त्यांनी निवडले. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्युकिन-१ बीटा या दाहद्रव्याला अडवणारे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी काहींना दिले, काहींना नुसतेच पाणी. कोलेस्टेरॉलला ते हात लावत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये बार्सिलोना येथे निकाल जाहीर झाला. १५० मिलिग्रॅमची मात्रा मिळालेल्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू या एकत्रित घटना शेकडा १५ ने कमी झाल्या होत्या. फिरखो यांचे म्हणणे एकशे एकसष्ट वर्षांनी प्रथमच माणसांवरील चाचणीत उतरले.

परंतु विजयाचे पडघम वाजवावेत असा तो निकाल नव्हता. दाह हे शरीराचे शस्त्र आहे. ते काढून घेतल्यावर औषध मिळालेल्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंची संख्या लक्षणीय अशी घटली नाही. औषधाची किंमतही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकारासाठी त्याला मान्यता नाकारली. या चाचणीतून मिळालेला सर्वांत उपयुक्त धडा पुन्हा सी.आर.पी.चाच होता. पहिल्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी ज्यांचा आकडा २ च्या खाली उतरला, त्यांना लाभ मोठा झाला. ज्यांचा उतरला नाही, त्यांना फारसा झाला नाही.

स्वस्त औषधाचा शोध मग आपल्या कुंपणापर्यंत येऊन पोहोचला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पावसाळ्यात कोकणात कुंपणाला बिलगून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सर्वांनी पाहिली आहे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे जहाल विष असते. कंद पोटात गेल्याने माणसे दगावली आहेत, तेव्हा कोणी घरगुती प्रयोग करू नयेत. युरोपात हेच द्रव्य दुसऱ्या एका फुलझाडापासून मिळते आणि अंगठा सुजवणाऱ्या गाउट या वाताच्या विकारावर ते फार पूर्वीपासून अगदी अल्प मात्रेत देतात. २०१९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी झटक्यानंतर महिन्याभराच्या आत ४,७४५ रुग्णांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन किंवा तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. हृदयाशी निगडित घटना कोल्चिसिन घेणाऱ्यांत शेकडा ५.५ जणांत घडल्या, इतरांत ७.१ जणांत. दुसऱ्या वर्षी ५,५२२ जुन्या हृदयरुग्णांवरील चाचणीनेही त्याला दुजोरा दिला आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेत या अल्प मात्रेला हृदयविकारासाठी मान्यता मिळाली.

येथेच कथा थांबली असती तर ती फार सुबक झाली असती. २०२४ साली झटक्याच्या ७,०६२ रुग्णांवरील आणखी मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यांची बंद रक्तवाहिनी फुग्याने आणि जाळीने तत्काळ उघडलेली होती आणि त्यांना सुरुवातीपासूनच कोल्चिसिन दिले होते. सुमारे तीन वर्षांनंतर कोल्चिसिन घेणाऱ्यांपैकी शेकडा ९.१ जणांना मृत्यू, झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांना सामोरे जावे लागले. न घेणाऱ्यांपैकी शेकडा ९.३ जणांना. फरक नसल्यासारखाच. रक्ताचे नमुने मात्र दुसरेच काही सांगत होते. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा कोल्चिसिन घेणाऱ्यांचे सी.आर.पी. इतरांपेक्षा स्पष्टपणे उतरलेले होते.